लुमीर मागे वळत नाही

लुमीर हावरानेक घरातून निघाला आणि टोपी विसरल्याचं ध्यानात आलं, तर तो चार पावलं मागे जाऊन टोपी घेत नसे. तो ट्रकमध्ये बसायचा, मैलभर पूर्वेला जायचा, मग मैलभर उत्तरेला, मग पश्चिमेला, मग दक्षिणेला, आणि सगळा चौकोन फिरून पुन्हा स्वतःच्या दारात यायचा. मग टोपी. आमच्या नेब्रास्कात रस्ते मैलामैलाच्या चौकटींत आखलेत, म्हणून त्याचं निभलं. डोंगराळ मुलखात जन्मला असता तर जन्मभर बोडक्या डोक्यानं हिंडला असता.

कुणी हसलं तर म्हणायचा, "मी मागे वळत नाही. मी फेरा मारतो. दोन्हींत फरक आहे."

हा फरक त्यानं मलाही शिकवला. मी तेव्हा गावच्या पोस्टात होते, आणि आग लागली की गावच्या बंबावर चालक. आमच्याकडे पगारी आगवाले नाहीत. ज्याला वेळ असेल तो येतो. लुमीर बियाणं विकायचा आणि उरलेल्या वेळात गावाबाहेरच्या गवताळ धावपट्टीवरून लोकांना विमान चालवायला शिकवायचा. दोन सिटांचं, पंख डोक्यावर असलेलं, पिवळ्या शेपटीचं जुनं विमान. त्यात शेजारी बसून मी वर्षभर त्याची बोलणी खाल्ली.

त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर. लहान विमान जमिनीवरून उठलं आणि लगेच इंजिन बंद पडलं, तर माणसाच्या मनात एकच येतं: धावपट्टी मागे आहे, वळू या. आणि वळायला जावं तर उंची नसते, वेग मरतो, विमान एका कुशीवर कलंडतं आणि खाली येतं. म्हणून वळायचं नाही. नाक लगेच खाली घालायचं, वेग राखायचा, आणि समोर जे रान दिसेल त्यात उतरायचं. रान कुणाचंही असो, त्यात काहीही पेरलेलं असो. लुमीर विशीत असताना त्याचा गुरू, एल्डन नावाचा माणूस, त्याच्या डोळ्यांदेखत वळला होता. लुमीरनं धावत जाऊन पाहिलं. त्यानं काय पाहिलं ते तो कधी सांगत नसे, आणि आम्हीही विचारलं नाही. त्या दिवसापासून लुमीर कशासाठीच वळला नाही, एवढं मात्र सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

उड्डाणाआधी वैमानिकानं मोठ्यानं बोलायची रीत असते. इंजिन अमुक उंचीखाली बंद पडलं तर मी असं करीन, तमुक उंचीवर पडलं तर तसं. लुमीरला ही रीत इतकी पसंत पडली की तो ती सगळीकडे वापरू लागला. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर त्यानं लिबीला ऐकवलं म्हणे, "पहिल्या वर्षात बिघडलं तर समोर जे दिसेल त्यात उतरायचं. तुझ्या आईकडे वळायचं नाही." लिबी तेव्हा हसली होती. पोरगी होती, तिला वाटलं गंमत करतोय.

नाचाला गेले तरी तेच. आमचे आजेपणजे चेक देशातून आलेले, आणि आमच्यात पोल्का म्हणजे जोडीनं गरगर फिरणं. लुमीर लिबीला धरून एका रेषेत निघायचा. लोक बाजूला व्हायचे, कुणाच्या बायकोच्या पायावर पाय पडायचा, आणि भिंत आली की तो डावीकडे वळून भिंतीच्या कडेकडेनं हॉलला फेरा मारायचा. अ‍ॅकॉर्डियनवाला सांगायचा, मी गाणं संपवायचं की नाही हे लुमीर कुठल्या भिंतीला आहे ते बघून ठरवतो. लिबीनं हे सगळं चाळीसेक वर्षं सोसलं, आणि खरं तर मजेत सोसलं. तिला तो आवडायचा. मग पेट्रोल पंपाचं झालं.

दोघं कॅन्ससमधल्या एका लग्नाहून परत येत होती. त्यांच्याकडे मागे पलंग असलेली मोठी गाडी होती. लिबी मागे झोपलेली. लुमीरनं हायवेवरच्या पंपावर पेट्रोल भरलं, तेवढ्यात लिबी उठून बाथरूमला गेली. लुमीरला वाटलं, झोपलीय. तो निघाला. लिबी बाहेर आली, गाडी जाताना दिसली, ती हाका मारत धावली. सपाता घालून, हायवेपर्यंत. गाडी गेली.

बऱ्याच वेळानं लुमीरनं सँडविच मागितलं आणि मागून आलं नाही. तेव्हा त्याला कळलं. दुसरा कुणी नवरा असता तर पहिल्या फाट्यावर गाडी फिरवून आला असता. लुमीरनं फेरा मारला. पुढच्या जिल्ह्यातून, नदीच्या पलीकडून, वाटेत एक पूल दुरुस्तीला बंद होता तो वळसा घालून. पंपावर पोचला तेव्हा लिबी डुकरांच्या ट्रकमध्ये बसून निघूनही गेली होती. ट्रकवाल्यानं तिला दारापर्यंत आणून सोडलं. ती आपल्या घरात गेलीच नाही. रस्त्यापलीकडे तिची बहीण विल्मा एकटी राहते, तिच्याकडे गेली आणि तिथंच राहिली.

तिची अट सगळ्या गावाला पाठ होती. "एकदा माझ्यासाठी सरळ मागे वळून ये. फेरा मारून नाही. त्या दिवशी मी घरी येते."

आता हे किती सोपं आहे, असं वाटेल. रोज सकाळी लुमीर रस्ता ओलांडून विल्माच्या दारात अंडी द्यायचा. लिबी खिडकीतून घ्यायची. परत जायला पुन्हा रस्ता ओलांडायचा तर ते मागे वळणं झालं, म्हणून तो अख्ख्या मैलाच्या चौकोनाला पायी फेरा मारून घरी पोचायचा. थंडीत, बर्फात, नाक लाल करून. विल्मा पडद्याआडून बघायची आणि मला फोन करायची, "गेला बाई तुझा मास्तर उत्तर ध्रुवाकडे."

एकदा पोस्टात मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "लुमीर, तुम्हाला बायको परत हवीय का नको?"

"हवी ना, डोरीन. रात्री घर खायला उठतं."

"मग वळा की! टाच फिरवायची फक्त."

त्यानं काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "हे बघतेस? हे हात आहेत. इंजिन बंद पडलं की डोकं चालत नाही, हात चालतात. आज मी एकदा वळलो, तर हातांना कळेल की वळलं तरी चालतं. मग वर असताना, शेजारी तुझ्यासारखं कुणी पोर बसलेलं असताना, ते वळतील."

मी त्याला वेड्यात काढलं. पण घरी गेल्यावर मला झोप लागली नाही, कारण त्याचं म्हणणं मला पटलं होतं. आणि लिबीचंही पटलेलं होतंच.

असे दोन हिवाळे गेले. मग वसंतात चर्चचं जेवण आलं: भाजलेलं बदक, डंपलिंग, आंबवलेली कोबी, आणि शेवटी सोडत. दुसरं बक्षीस अर्धं डुक्कर, कापून, पाकिटं बांधून. पहिलं बक्षीस लुमीरच्या विमानातून फेरी. दरवर्षी सगळ्यांचा डोळा दुसऱ्या बक्षिसावर असतो. पहिलं लागलेला माणूस हॉलभर अदलाबदल करत फिरतो. विल्मानं डुकराच्या आशेनं मूठभर तिकिटं घेतली होती आणि निम्म्यांवर लिबीचं नाव घातलं होतं. फादरनी पहिलं तिकीट काढलं, वाचलं, आणि पुन्हा टोपलीत टाकायला गेले.

"फादर," लिबी उभी राहून म्हणाली, "मी पाहिलं. वाचा."

लुमीर स्वयंपाकघराच्या दारात बदकाचा ट्रे धरून उभा होता. विल्मानं कुजबुजत सांगितलं, "दे बदलून. अर्धं डुक्कर आहे समोर." लिबी म्हणाली, "लागलंय ते घेणार. बघू दे मला, असं काय आहे त्याच्या विमानात."

जूनमधल्या एका रविवारी, प्रार्थनेनंतर, सगळं गाव धावपट्टीवर जमलं. लोकांनी खुर्च्या आणल्या होत्या. आमचा अग्निशमन प्रमुख डेल पोस्पिशिल यानं मला बंबच घेऊन यायला लावलं.

"कशाला रे? इंजिन नीट आहे त्याचं."

"इंजिनाची भीती नाही गं. त्या दोघांची आहे."

लिबी चर्चच्या कपड्यांत, फीत बांधायचे काळे बूट घालून, पर्स मांडीवर घेऊन बसली. लुमीरनं विमान तीनदा तपासलं, पंख्याला हात लावला, टाकीत डोकावला. एका बारीक नळीत कुंभारमाशीनं खोलवर मातीचं घर बांधलं होतं आणि त्यानं टाकीला हवा मिळत नव्हती, हे पुढच्या आठवड्यात मेकॅनिकलाही विमान खोलल्यावरच दिसलं. मग लुमीर आत बसला आणि त्यानं आपलं भाषण केलं. खिडकी उघडी होती, आम्हाला ऐकू येत होतं.

"इंजिन धान्याच्या कोठाराच्या उंचीला बंद पडलं तर नाक खाली, समोरचं रान. मागे वळणं नाही."

"झालं?" लिबी म्हणाली. "लग्नात ऐकलंय हे. उडव आता."

विमान उठलं. कोठाराच्या टोकापेक्षा जरासं वर गेलं असेल, आणि आवाज थांबला.

"बंद का केलं त्यानं?" विल्मानं विचारलं. डेल तोवर बंबाकडे धावत सुटला होता, आणि मी त्याच्या पुढं.

वर काय झालं ते मला नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं, आणि गंमत म्हणजे दोन्ही हकिगती शब्दाला शब्द जुळल्या. त्या दोघांचं दुसऱ्या कशावरही असं कधी जुळलं नव्हतं.

"लुमीर, वळ!"

"नाही."

"अरे, धावपट्टी मागे आहे!"

"माहीत आहे."

"आता तरी वळ रे मेल्या! मरायची वेळ आली!"

"वळलो तर येईल."

त्यानं नाक खाली घातलं. खालून आम्हाला ते दिसलं, पण काय समजायचं ते कळेना, कारण पडणारं विमान आणि नीट चालवलेलं विमान त्या क्षणी सारखंच दिसतं. समोर रोली नावाच्या शेतकऱ्याचं सोयाबीन होतं, वीतभर वाढलेलं. लुमीरनं पेट्रोल बंद केलं, बटणं बंद केली, आपल्या बाजूचं दार कडीतून काढून किंचित उघडं केलं. हाही त्यातलाच नियम. आपटल्यावर सांगाडा वाकला तर बंद दार अडकून बसतं.

"लिबे, तुझं दार उघड!"

"काय?"

"दार उघड! पटकन!"

"मागच्या वेळी विसरलास, आणि आज फेकतोस होय?" असं म्हणून लिबीनं दाराची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

तो सोयाबीनच्या ओळींबरोबर उतरला. मी बरेच जण उतरताना पाहिलेत, इंजिन चालू असताना, पक्क्या धावपट्टीवर. इतकं हलक्या हातानं कुणी उतरलेलं पाहिलं नाही. पण रोलीनं आदल्या दिवशी रानाला पाणी दिलं होतं. पुढचं चाक चिखलात रुतलं, मोडलं, आणि विमान नाक खुपसून उजव्या अंगावर बसलं. शेपटी वर.

मी बंब बांधावरून आत घातला आणि चरात आसापर्यंत रुतवला. डेलनं मला जे म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. मग सगळे पायीच निघाले. आम्ही हातात फेसाच्या नळकांड्या घेतलेल्या, विल्मा चर्चचा झगा गुडघ्यापर्यंत उचलून, मागे सगळं गाव, आणि मध्ये घोटाभर चिखलाचं लांबच लांब रान.

लुमीर डाव्या दारातून उतरला. शिकवायचा तसाच. बाहेर पडायचं, वाऱ्याच्या तोंडाकडे चालत लांब जायचं, कुठल्याही वस्तूसाठी मागे फिरायचं नाही. तो आमच्या दिशेनं ताठ चालत येत होता आणि चालताना हातवारे करून बोलत होता. लिबीशी. ती मागोमाग येतेय असं धरून.

"पाहिलंस? वळलो असतो तर त्या झाडांत असतो! आता तरी पटलं ना?"

आम्हाला दिसत होतं की त्याच्या मागे कुणी नाही. विमानाच्या काचेत लिबीचं पांढरं डोकं दिसत होतं. ती हात छातीशी बांधून बसली होती.

विल्मा किंचाळली, "हा पुन्हा तेच करतोय! लिबी! लुमीर, लिबी!"

लुमीरनं हात हलवला. "बरी आहे, बरी आहे! ही काय, आहे इथं!" बघितलं मात्र नाही.

"उतरत नाहीये ती," डेल धापा टाकत म्हणाला. त्या धांदलीतही त्याला हसू फुटलं. "आज त्याला वळवल्याशिवाय उतरणार नाही बघ. वा रे लिबी!" आम्ही सगळेच हसलो. चिखलात पाय उपसत, एकमेकांना धरत. जीव वाचले होते ना दोघांचे.

लुमीरचं भाषण संपलं. तो उलट उत्तराची वाट बघत आणखी थोडा चालला. उत्तर आलं नाही. लुमीर हावरानेकला त्याच्या बायकोनं कधी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. तो थांबला.

आणि मग मला त्याच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, फेरा दिसला. त्यानं डावीकडे पाहिलं, रानाच्या कडेकडे, बांधाकडे. एक पाऊल तिकडे टाकलंसुद्धा. वाऱ्याचा एक झोत उलटा फिरून आला आणि त्यात पेट्रोलचा वास होता.

लुमीर टाचेवर वळला. जागच्या जागी, सरळ मागे. आणि धावला. सत्तरी उलटलेला माणूस, चिखलातून, एकदा पालथा पडला, उठला, पुन्हा धावला. कुणी टाळी वाजवली नाही. कारण तो धावायला लागला आणि आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं की रुसून बसलेली बाई इतका वेळ मान एका बाजूला टाकून बसत नाही.

मी आणि डेल पोचलो तेव्हा तो आत पालथा शिरला होता, पाय बाहेर. खालचा पत्रा वर आला होता आणि लिबीचा उजवा पाय पेडलच्या खाली बुटासकट अडकला होता. तिचं दार वाकून घट्ट बसलं होतं. हात छातीशी बांधलेले नव्हते. एक मनगट मोडलं होतं आणि ते तिनं दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं. चेहरा पिठासारखा. वर पंखातून पेट्रोल ठिबकत होतं. डेलच्या माणसांनी फेस मारायला सुरुवात केली. लुमीरनं बुटाची फीत सोडली, सुटेना तेव्हा दातांनी ओढली, आणि पाय हळूच बुटातून काढला. लिबी ओरडली नाही.

आम्ही तिला उचलून लांब आणलं आणि डेलच्या कोटावर ठेवलं. लुमीर तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"हाक का नाही मारलीस?" तो म्हणाला. "अगं, एक हाक मारायची."

"मागच्या वेळी मारली होती," लिबी म्हणाली.

तिनं ते टोचून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. दोन वर्षांत त्यानं तिला फेरे समजावले होते, हात दाखवले होते, अंडी आणून दिली होती. पंपावर तिनं हाक मारली का, हे विचारलं नव्हतं. लुमीर चिखलात खाली बसला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत रडला. डेल बंबाकडे बघायला लागला, आणि बंबाचं बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मला त्या क्षणी लुमीरचा राग आला होता आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटत होतं.

अँब्युलन्स बांधावरच थांबली. लिबीला स्ट्रेचरवर घालून तिथवर नेलं, मनगट बांधलं, पाय उशीवर ठेवला. विल्मानं तिच्या तोंडावरचा चिखल रुमालानं पुसला.

"माझा बूट राहिला," लिबी म्हणाली.

"राहू दे गं," विल्मा म्हणाली, "बुटाचं काय घेऊन बसलीस?"

लुमीर वळला आणि सरळ रानात शिरला, आपल्याच पावलांच्या खुणांवरून, विमानाकडे. निम्म्या वाटेवर गेला असेल तेव्हा लिबी स्ट्रेचरवर कोपर टेकून उठली. अँब्युलन्सवाल्या पोरीनं तिला आडवं करायचा प्रयत्न केला, तर तिनं तिचा हात झटकला.

"लुमीर!"

तो जिथं होता तिथं गर्रकन वळला, इतक्या झटक्यात की पडता पडता वाचला.

"काय गं?"

लिबी स्ट्रेचरवर पुन्हा आडवी झाली.

"काही नाही," ती म्हणाली. "जा."